गोळी लागू पडत नाही म्हणे

सोमवारी सकाळी लॅबला पोचले तर माझ्या टेबलावर आमच्याच घरचं सँपल. ताईच्या धाकट्याचं, सोन्याचं, वय वर्षं सहा. शनिवारी रात्रीपासून पोरगं संडासातच बसून होतं, ताप १०२, पोटात मुरडा मारतोय म्हणून कळवळत होतं आणि रविवारी दुपारपासून आव पडायला लागली, तीही रक्ताची. गावच्या यात्रेत बर्फाचा गोळा खाल्ला, पाणीपुरी खाल्ली, वर उसाचा रस, त्यामुळे नेमकं कशानं झालं हे विचारण्यात काही अर्थच नव्हता. डबीवर ताईच्या अक्षरात नाव, आणि फोनवर ताई, "अगं काकांच्या दुकानातून औषध आणून दोन डोस दिले, ढिम्म फरक नाही. त्याला ते औषध लागूच पडत नाही बघ, सारखं देऊन देऊन शरीराला सवय झालीय."

हे शेवटचं वाक्य मी मिरजेत आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, रोज ऐकते. पेशंट म्हणतात, नातेवाईक म्हणतात, एकदा तर कंपनीचा एमआर म्हणाला. ताईवर चिडून उपयोग नव्हता म्हणून तिला म्हटलं ओआरएस चालू ठेव, लघवी होतेय का बघ, आणि आधी डॉक्टरांना दाखव, काका डॉक्टर नाहीत. आणि डबी घेऊन बसले.

रक्ताची आव म्हटलं की पहिला संशय शिगेला ह्या जिवाणूचा. शिगेलाचं एक आहे, ती पोटात कितीही दांडगी असली तरी डबीत फार टिकत नाही, सँपल लवकर लावावं लागतं. तशी ती शरीरात शिरताना मात्र भारी स्वस्तात शिरते, दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी पुरतात, म्हणजे दूषित हातावरचा न दिसणारा एक थेंबसुद्धा पुष्कळ झाला. आव आणि रक्त असलेला भाग लूपवर उचलला, मॅकॉन्की आणि एक्सएलडी ह्या जिवाणू वाढवायच्या दोन प्लेटांवर ओढला, इन्क्युबेटरमध्ये ठेवला. मनात म्हटलं दोन डोस अँटिबायोटिक पडलंय, काही उगवणार नाही. एरवी कल्चरचं सँपल औषध सुरू करायच्या आधी घ्यायचं असतं, हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय.

मंगळवारी सकाळी प्लेट उघडली. मॅकॉन्कीवर गुलाबी ई. कोलायच्या गर्दीत पारदर्शक, रंगहीन, छोट्या छोट्या वसाहती. एक्सएलडीवर लाल, मधे काळा ठिपका नाही, म्हणजे टायफॉइडच्या घराण्यातली साल्मोनेला नसावी. टेस्ट लावल्या, त्या जुळल्या, मग स्लाइडवर अँटिसिरमचा, म्हणजे ठरावीक जिवाणूच्याच गुठळ्या करणाऱ्या द्रवाचा थेंब घेऊन मिसळलं तर दुधात लिंबू पिळल्यावर होतं तसं बारीक फुटलं. शिगेला फ्लेक्सनेरी. आणि तेव्हाच खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं, की दोन डोस पडूनसुद्धा ही बया इतकी मजेत उगवलीय ह्यातच अर्धा रिपोर्ट आला.

उरलेला अर्धा बुधवारी. ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, एका प्लेटवर तो जिवाणू सगळीकडे सारखा पसरायचा आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, ६ मिलिमीटरच्या, अगदी कपाळावरच्या टिकलीएवढ्या. रात्रभरात जिवाणूंची साय धरते. जे औषध चालतं त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण पडतं, त्याला आम्ही झोन म्हणतो, आणि ते पट्टीनं मोजायचं. सोन्याच्या प्लेटवर अँपिसिलीनच्या टिकलीला लागून साय. कोट्रायमॉक्साझोलला लागून साय. नॅलिडिक्सिक ॲसिडला लागून साय. सिप्रोफ्लॉक्सासिनला पण, म्हणजे झोन ६ मिलिमीटर, म्हणजे फक्त टिकलीच मोजली. ॲझिथ्रोमायसिनला १९, सेफ्ट्रायॅक्सोनला चांगलं मोठं रिंगण. रिपोर्टमध्ये आर, आर, आर, आर, एस, एस. आर म्हणजे औषध चालत नाही, एस म्हणजे चालतं. काकांच्या दुकानातली बाटली होती ऑफ्लॉक्सासिनची, सिप्रोचीच भावंड. लागू पडणार कुठून.

आता ते सवयीचं. सवय सोन्याच्या शरीराला झालेली नाही. हा जिवाणू त्याच्या पोटात शिरला तो यात्रेतनंच तयार होऊन शिरला, कदाचित सोन्यानं जन्मात एक अँटिबायोटिक घेतलं नसतं तरी त्याला हाच रिपोर्ट मिळाला असता. हे लोकांना पटवणं फार अवघड जातं, कारण "मी कधी गोळ्या घेत नाही, मला काय होतंय" ह्या अभिमानाला तडा जातो. तुम्ही नाही घेतल्या, गावानं घेतल्या. यात्रेतल्या बर्फाच्या गोळ्यात सगळ्या गावाचा हिशोब असतो.

आणि तो हिशोब कसा जुळतो हे आवेवरूनच जगाला कळलंय, ही गोष्ट मला फार आवडते, कॉलेजात वाचली तेव्हापासून. जपानमध्ये आवेला सेकिरी म्हणतात, म्हणजे लाल जुलाब. तिकडे १८९७ च्या साथीत कियोशी शिगा नावाच्या सव्वीस वर्षांच्या पोरानं हा जिवाणू शोधला, त्याच्यावरनंच शिगेला नाव पडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आवेवर सल्फाच्या गोळ्या धडाधड वापरल्या गेल्या, थोडी वर्षं चाललं, मग बहुतेक शिगेला सल्फाला जुमानेनात. मग स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आली. १९५५ मध्ये हाँगकाँगहून परतलेल्या एका बाईच्या आवेत अशी शिगेला सापडली जी ह्या चारही औषधांना एकदम दाद देत नव्हती. आता एक औषध वापरून त्या एकाला जिवाणू निर्ढावला तर समजू शकतो, चार वेगवेगळी औषधं, वेगवेगळ्या पद्धतीनं मारणारी, चारींना एकदम कसा? असे बदल आपोआप एकाच जिवाणूत एकाच वेळी व्हायचे म्हणजे चार लॉटऱ्या एकाच तिकिटावर लागण्यासारखं.

त्याहून विचित्र म्हणजे एकाच साथीत, कधी कधी एकाच पेशंटमध्ये, त्याच जातीची औषधानं मरणारी शिगेला पण सापडायची आणि चारींना न मरणारी पण. आणि त्याच पेशंटच्या आतड्यातला साधा ई. कोलाय, जो आपल्या सगळ्यांच्या पोटात बिनभाड्यानं राहतो, तोही नेमका त्याच चार औषधांना न मरणारा. तेव्हा जपानी लोकांना शंका आली की हे एकमेकांत देवाणघेवाण चाललीय. १९५९ मध्ये अकिबा आणि ओचिआई ह्यांच्या गटांनी निर्ढावलेला ई. कोलाय आणि साधी शिगेला एकत्र वाढवून दाखवलं की शिगेला पण निर्ढावून बाहेर येते. नुसतं ई. कोलायचं गाळलेलं पाणी घालून होत नाही, दोघांचा प्रत्यक्ष संपर्क लागतो. म्हणजे शेजारणीनं लोणच्याची कृती वहीत उतरवून घ्यावी तसं, देणारीची वही देणारीकडेच राहते आणि घेणारीकडे नवीन तयार होते, आणि एकाच पानावर चारही लोणच्यांच्या कृती लिहिलेल्या असतात. ह्या पानाला आपण आता प्लाझ्मिड म्हणतो. शिगेला आणि ई. कोलाय तशा एकमेकींच्या इतक्या जवळच्या आहेत की आजच्या जनुकांच्या हिशोबानं बघितलं तर त्यांना चुलत बहिणी म्हणणं पण कमीच होईल, त्यामुळे वही मागायला लाजायचं कारण नाही.

सगळंच वहीतनं येतं असं नाही. सिप्रोच्या बाबतीत मुख्य काम जिवाणू स्वतःच करतो, औषध ज्या भागाला जाऊन चिकटतं तिथली रचना जराशी बदलून टाकतो, कुलूप बदलल्यासारखं. २००२ च्या सुमाराला सिलीगुडीकडे, पूर्व भारतात आवेची मोठी साथ आली तेव्हा शिगेला डिसेंटरी, सगळ्यात वाईट प्रकार, सिप्रोला न जुमानणारी निघाली. गंमत म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये नॅलिडिक्सिक ॲसिड बाद करून आवेसाठी सिप्रो पहिल्या नंबरवर लिहिलं आणि आपल्याकडे सिप्रो तोवर घसरणीला लागलं होतं. आज भारतात ज्या शिगेला लॅबमध्ये उगवतात त्यातल्या बहुतेकांना सिप्रो चालत नाही, मी माझ्या प्लेटवर एस शेवटचा कधी लिहिला हे आठवावं लागतं.

तर सांगायचा मुद्दा, शिगेला पोटात थोड्या दिवसांची पाहुणी. वही ज्याच्याकडे कायमची असते तो ई. कोलाय. आणि त्याला वही कोण लिहून देतं, तर आपण, साध्या जुलाबाला अँटिबायोटिक घेतो तेव्हा. लहान मुलांचे पाण्यासारखे जुलाब पुष्कळदा व्हायरसचे असतात, रोटाव्हायरस वगैरे, त्याची लस आता सरकारी लसीकरणात फुकट मिळते. व्हायरसला अँटिबायोटिकनं ढेकळं काही होत नाही. मरतात ते पोटातले गरीब जिवाणू, आणि जे वहीवाले आहेत त्यांना सगळं मैदान मोकळं. जुलाब थोड्या दिवसांत आपोआप थांबायचेच असतात ते थांबतात, गोळीला गुण मिळतो, आणि मैदान मारलेले मागं राहतात.

डच लोकांनी ह्यावर एक मोठा अभ्यास केलाय, २०१७ मध्ये छापून आला. त्यांनी परदेशी फिरायला जाणाऱ्या धडधाकट लोकांची शी जायच्या आधी तपासली आणि आल्यावर तपासली. जाताना ज्यांच्या पोटात ईएसबीएलवाले, म्हणजे सेफिक्झीम-सेफ्ट्रायॅक्सोनसारखी औषधं फोडून टाकणारे जिवाणू नव्हते, त्यातल्या ३४ टक्के लोकांच्या पोटात येताना ते होते. दक्षिण आशियात, म्हणजे आपल्या बाजूला येऊन गेलेल्यांत ७५ टक्के. चारातले तीन! आणि प्रवासात ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं त्यांना धोका जास्त. हे वाचून मला राग आला नाही, लाज वाटली थोडी, आणि मग वाटलं ते थोडे दिवस फिरून गेले, निम्म्यांचं महिन्याभरात साफही झालं, आपण इथे जन्मभर राहतो त्याचं काय. दिल्लीत तर २०११ मध्ये नळाच्या आणि गटाराकडेच्या डबक्यांच्या पाण्यात एनडीएम-१ हा, शेवटच्या फळीची अँटिबायोटिकंसुद्धा निकामी करणारा जीन सापडला होता, तोही शिगेला आणि कॉलऱ्याच्या जिवाणूत सुद्धा. तेव्हा आपल्याकडे चर्चा कशावर झाली, तर जीनच्या नावात नवी दिल्ली का घातलं ह्यावर.

काकांकडे गेले बुधवारी संध्याकाळी. काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ, तालुक्याच्या गावात चाळीस वर्षांचं मेडिकल. मी बोलायला तोंड उघडते तोवर गिऱ्हाईक आलं, टेंपोवाला, गाडी चालूच ठेवून उतरला.

"ओ काका, जुलाबाची द्या की, ती पिवळी."

"किती?"

"चार द्या. न्हाय, दोनच द्या, सकाळपर्यंत बरं वाटंल."

काकांनी पट्टी काढली आणि कात्रीनं कच्चकन दोन गोळ्या कापल्या. मागच्या बाजूची लाल रेघ, जी २०१६ मध्ये सरकारनं जाहिरात करून करून सांगितली की लाल रेघेचं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका, ती बरोब्बर मधून कापली गेली. एक्स्पायरीची तारीख उरलेल्या तुकड्यावर काकांकडे राहिली. टेंपो गेला.

काका वाईट माणूस नाही हो. मध्यरात्री उठून दुकान उघडतील. त्यांचं म्हणणं असं की मी नाही दिली तर पलीकडचा देतो, आणि डॉक्टरकडे पाठवला तर तोही हीच लिहितो वर सलाईन लावतो, माणसाचा दिवस बुडतो. ह्यात खोटं काय आहे मला सांगता आलं नाही. २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही औषधांची कडक सरकारी यादी आलीय, सेफिक्झीम वगैरे त्या यादीत आहे, वेगळं रजिस्टर ठेवायचं, डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहायचं. रजिस्टर काकांकडे आहे. त्यात नावं पण आहेत. कुणाची ते मी विचारलं नाही.

मी एवढंच म्हटलं, काका त्याला ओआरएसची दोन पाकिटं तरी द्यायची होती. काका हसले, "पाकीट दिलं की गिऱ्हाईक म्हणतं औषध द्या, पाणी घरी आहे."

ह्याच पाण्याची गोष्ट पण सांगायला हवी. १९७१ ला बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्या हातात पेले दिले, पाजत बसा म्हणून. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्याही खाली आलं. अँटिबायोटिकनं नाही, पाण्यानं. ते २०२२ मध्ये वारले आणि पद्मविभूषण २०२३ मध्ये, गेल्यावर. आपल्याकडे मरीआईचा गाडा गावाच्या वेशीबाहेर ओढून नेत होते त्या पटकीवर हा उतारा होता! का चालतं, तर आतड्यात मीठ आणि साखर जोडीनं आत ओढणारा एक पंप असतो, त्यांच्यामागं पाणी आत जातं, आणि कॉलऱ्याचं विष बाकी कितीही धुमाकूळ घालू दे, ह्या पंपाला हात लावत नाही. म्हणून साखर मापातच पाहिजे, जास्त झाली की उलट पाणी बाहेर येतं. पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये, २०.५ ग्रॅमचं असतं, ग्लासात चमचाभर टाकून नाही. आणि खोक्यातलं गोड गोड फळांच्या चवीचं जे ओआरएस म्हणून विकलं जायचं ते ओआरएस नव्हेच, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेनं, शेवटी ते नावच वापरायला मनाई केली. मुलांना सोबत झिंक, १० ते १४ दिवस, तेही आमच्याकडे कुणी पूर्ण देत नाही.

ह्याचा अर्थ अँटिबायोटिक कधीच नको असा घेऊन मला मेसेज करू नका, मागच्या पोस्टला झालं तसं. सोन्यासारखी ताप-रक्ताची आव असेल तर लागतं, कॉलऱ्यात पार सुकलेल्या माणसाला लागतं, पण कुठलं ते डॉक्टरनं ठरवायचं आणि शक्य तिथं प्लेटनं. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गावच्या बाजूला जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे, दोनशेच्या वर संशयित रुग्ण निघाले ना, त्यातल्या काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला. हा पण जुलाबाचाच जिवाणू, त्याच्यामागून कधी कधी जीबीएस होतो, आणि ह्यालाही सिप्रोच्या जातीची औषधं आता फारशी चालत नाहीत, जगभर हेच. कोंबड्यांना तीच औषधं पाण्यातून पाजल्यामुळं, ह्या कारणासाठी अमेरिकेनं २००५ मध्ये कोंबड्यांचं एन्रोफ्लॉक्सासिन बंद केलं. आपण २०१९ मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टीन बंद केलं, ते आयसीयूतलं अगदी शेवटचं औषध, आणि तोवर ते कोंबड्या लवकर वजनदार व्हाव्यात म्हणून खाद्यात घातलं जात होतं.

सोन्या आता बरा आहे. डॉक्टरांनी रिपोर्ट यायच्या आधीच ॲझिथ्रो लिहिलं होतं, नशिबानं ते एसमध्ये निघालं. गुरुवारी वरणभात खाल्ला, शुक्रवारी परत गोळा मागितला.

शनिवारी आईकडे गेले तेव्हा कपाटावरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा खाली काढला, आमचा औषधांचा डबा. नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलच्या तीन गोळ्या, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पाऊण पट्टी, सेफिक्झीम दोन, ॲझिथ्रो एक, आणि एका कापलेल्या तुकड्यावर फक्त "...सिन" एवढंच उरलेलं. म्हणजे प्रत्येक आजाराचा कोर्स अर्धा पोटात आणि अर्धा डब्यात, आणि त्यातले निम्मे मीच आणलेले, माझ्या परीक्षांच्या वेळचे. आई म्हणाली कचऱ्यात टाक. कचऱ्यात टाकलं तर ते ओढ्यात, म्हणून म्हटलं लॅबला नेते, आमच्याकडे पिवळ्या पिशवीत जातं, जाळतात. सगळ्या पर्समध्ये भरल्या आणि बदल्यात ओआरएसची दहा पाकिटं डब्यात ठेवली.

आई बघत होती. मग हळूच म्हणाली, "ती पाऊण पट्टी राहू दे गं, आषाढात वारीला जायचंय. वाटेत पोट बिघडलं तर तुझं पाणी पीत कुठं बसू?"

आम्ही पंधरा मिनिटं वाद घातला. डबा परत कपाटावर तिनंच ठेवला, मला स्टूलवर चढू दिलं नाही.